जमनीची जीभ आणि पाच बाटल्या

मोहतांड्याची जमनी माती खायची. मी काही चहाडी करत नाही. लपवण्यासारखी गोष्ट असती तर मीही झाकून ठेवली असती. पण तिचं नावच त्यावर होतं. बाकी जगात माणूस चुकला की म्हणतात, त्यानं माती खाल्ली. या बाईनं बावीस वर्षं खरीखुरी खाल्ली, चावून चावून, आणि कमावला तो मान.

सुरुवात झाली ती चुलीमागच्या भिंतीपासून. नवरा गेला त्या साली तिला त्या कोपऱ्याचा वास यायला लागला. बोट लावलं, जिभेवर ठेवलं, बरं वाटलं. मग रोज बरं वाटायला लागलं. भिंतीला खळगा पडला. तिचा लेक जीवन दर दिवाळीला तो लिंपायचा आणि ही बाहेरून बजावायची, की औंदा नाल्याकाठची लाव बाबू, मागच्या वर्षीची फार खारट होती. सून बबिता लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी सासू भिंत खाताना दिसली. माहेरी फोन करून रडली बिचारी. आईनं विचारलं, तुझ्या वाटचं तर खात नाही ना? मग नांद.

एकदा आर्णीचा एक खतविक्या टिंगल करायला आला. कागदाच्या पुडीत माती आणली होती. जमनीनं डोळे मिटले, चिमूट चावली, गिळली आणि म्हणाली, ही कळंबकडची, पाणी साचतं तिथली. माणसानं पुडी गुंडाळून खिशात घातली. त्याच्या मामाचं शेत कळंबलाच, आणि तिथं दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. दुसऱ्यानं पांढरी भुकटी आणली. ती म्हणाली, ही माती नाहीच, मुकुटबनकडचा चुनखडीचा दगड आहे. आणि आणखी चिमूटभर मागून घेतली.

झालं. जिच्या नावावर पायापुरती जमीन नाही, ती विधवा बाई साऱ्या तांड्याच्या जमिनीची जाणकार ठरली. तांड्याची पंचायत, जिला नसाब म्हणतात, ती सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या लिंबाखाली बसते. नायक आणि दोन म्हातारे पंच बाजेवर, बाकीचे पुरुष खाली, बाया लांब भिंतीपाशी. ही पिढ्यानपिढ्यांची रीत. पण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण लागलं की डोंगरसिंग नायक बाजेवर सरकायचा, हातानं जागा झाडायचा आणि म्हणायचा, जमनी, ये. आणि जमनी बाजेवर बसायची. भिंतीपाशी बसलेल्या बाया तिच्याकडे अशा बघायच्या की आमची जमनी जणू आमदारच झाली.

निवाड्याची रीत साधी होती. भांडणाऱ्या दोघांनी आपापल्या शेतातली माती एकेका डब्यात आणायची. भांडणाच्या पट्ट्यातली माती तिसऱ्या डब्यात, ती नायकानं स्वतः आणायची, म्हणजे खोटं व्हायला नको. जमनी तिन्ही चाखायची आणि सांगायची, तिसरी कोणत्या डब्याच्या नात्यातली आहे. थुंकायचं नाही, ही तिची शिस्त. माती थुंकली म्हणजे मायवर थुंकली. असे सतरा निवाडे झाले. एकाही निवाड्यावर कोणी तहसिलीत गेलं नाही. आजकाल सख्खे भाऊ भिंतीतल्या खिळ्यासाठी कोर्टात जातात, तिथं ही काय लहान गोष्ट आहे?

एवढंच, की अलीकडे ती दर निवाड्याला एक वाक्य बोलायची, मातीले राख लागून राह्यली. नायक त्यावर मान डोलवायचा आणि कलियुगावर अर्धा तास बोलायचा. मातीचं सत्त्व गेलं, राख उरली. लोकांना ते फार पटायचं.

आता तब्येतीचं. जमनी बावन्न वर्षांची, दिसायची सत्तरची. अंगावरून फार जायचं, तेही दहा वर्षं, पण ते सांगायचं कोणाला? ओठ पांढरे, नखं मधून दबून चमच्यासारखी झालेली. दहा पावलं चालली की छाती धाप धाप. तांड्यापासून जीपच्या थांब्यापर्यंत चढ आहे. त्या चढावर तीन दगड होते, तांडा त्यांना जमनीचे दगड म्हणायचा, कारण ती तिन्हींवर बसल्याशिवाय वर पोचतच नसे. शेजारच्या गावची विमलताई आशा म्हणून काम करते. तिनं तीन वर्षं लाल गोळ्या आणून दिल्या. जमनी त्या इमानेइतबारे बकरीला चारायची. गोळीनं पोट घट्ट होते, म्हणायची. बकरीला काही घट्ट झालं नाही. ती अशी माजली की तिनं एकदा जीवनची मोटारसायकल स्टँडसकट पाडली.

पौष लागला आणि एका सकाळी जमनी नळावर हंड्यासकट कोसळली. विमलताईनं खालची पापणी ओढून पाहिली आणि नेहमी हसणारी ती बाई हसायची थांबली. म्हणाली, "जमनीबाई, आता गोळ्या नाही अन् बकरी नाही. उद्या मायासंग दवाखान्यात यायचं."

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. बारा पाहिजे तिथं सहा पॉइंट दोन. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मग जमनीला पाहिलं आणि विचारलं की मावशी, तुम्ही चालत आलात? मग बरेच प्रश्न विचारले. अंगावरून जाण्यासाठी वेगळ्या गोळ्या लिहिल्या, सोनोग्राफी सांगितली. शेवटी म्हणाल्या, माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?

जमनी ताठ झाली. तिला वाटलं, कीर्ती इथवर आली. तिनं सांगितलं, वाटतं म्हणजे काय, चार तालुक्यांची ओळखते.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रक्तातलं लोखंड संपलं की शरीर वेडं होतं, नको ते मागतं. हा आजाराचाच भाग आहे. सलाइनमधून लोखंडाच्या पाच बाटल्या देऊ, एक दिवसाआड. रक्त वाढेल आणि मातीची ओढही जाईल.

ही शेवटची गोष्ट त्यांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितली. जमनीच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षांची विद्या, आणि ही कालची पोर तिला रोग म्हणते! परतीच्या जीपमध्ये ती विमलताईला म्हणाली, उद्या म्हणतील गाणाऱ्याचा गळाबी रोगच हाये.

त्यात मुहूर्त पाहा. पुनवेला नसाब ठरलेली. हिरासिंग आणि धावजी यांची शेतं वरच्या बरडावर, खडकाळ माळावर, शेजारी शेजारी. मधल्या धुऱ्यालगतचे तुरीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, कोणाचे, यावरून दोघांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं. तूर वाळत आली होती. आणि साऱ्या तांड्याची नजर जमनीच्या जिभेवर.

बबितानं ऐकलं नाही. सोमवारी पहाटे सासूला हाताला धरून नेलं. सिस्टरनं चार ठिकाणी टोचून शीर शोधली. गडद तपकिरी बाटली लागली, थेंब थेंब. पाचव्या मिनिटाला जमनीच्या तोंडात चव आली. ती झटकन उठून बसली. सिस्टर घाबरली, खाज येते का, दम लागतो का विचारायला लागली. जमनी जीभ टाळ्याला लावून म्हणाली, हे लोखंड जुन्या नांगराच्या फाळाचं हाये, पावसात राह्यलेलं. सिस्टरनं तसंच केसपेपरवर लिहिलं की काय, मला माहीत नाही. पण तिला सांगितलं की अशी चव येते बऱ्याच जणींना. हे ‘बऱ्याच जणींना’ जमनीला झोंबलं.

दुसरी बाटली बुधवारी. शुक्रवारी सकाळी जमनी उठली, सवयीनं चुलीमागं गेली, खळग्यातून चिमूट काढून तोंडात टाकली. आणि तशीच थांबली.

माती. नुसती माती. दातात कचकच.

तिनं उंबऱ्याची घेतली, अंगणातली घेतली, नाल्याकाठी जाऊन ओली घेतली. सगळ्यांची एकच गत. बबिता तिला शोधत आली तेव्हा सासू नाल्याच्या काठावर बसून रडत होती, तोंड काळं झालेलं, लहान लेकरासारखं. तिला फार वाईट वाटत होतं आणि ती ते लपवत नव्हती. म्हणाली, "मायी बाज गेली, बबिता. आता मी पुन्हा भिताडापाशी."

बबितानं तिचं तोंड पदरानं पुसलं. सून सासूला याडी, म्हणजे आई म्हणायची, पण बोलायला जरा रोखठोकच. ती म्हणाली, "याडी, तू मेली असती तं बाजेवर कोण बसलं असतं? तुहा फोटो?"

बातमी दुपारपर्यंत तांडाभर झाली. तिसरी बाटली त्याच दिवशीची होती, ती चुकली. आणि सोमवारी डोंगरसिंग नायक स्वतः तालुक्याला गेला, शिक्का मारलेला अर्ज घेऊन. मी तो अर्ज पाहिलाय. विषय : श्रीमती जमनीबाई यांच्या अंगात भरलेले लोखंड तूर्त परत काढून घेणेबाबत. खाली अकरा सह्या, दोन अंगठे. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. मग शांतपणे सांगितलं की आत गेलेलं लोखंड काढता येत नाही. नायक म्हणाला, ठीक, मग उरलेल्या तीन बाटल्या पुनवेनंतर द्या, नसाबीचं काम अडतं. त्यावर त्या बाईंनी एक कोरा कागद पुढं केला. म्हणाल्या, ही बाई परत पडली, जिवाचं काही बरंवाईट झालं, तर जबाबदारी नसाबीची, एवढं लिहा आणि सही करा. नायकानं खिशाला लावलेलं पेन चाचपलं, आणि ते काही बाहेर आलं नाही.

पण जमनीला कोण बांधून नेणार? नायकानं तिला घरी येऊन सांगितलं, तू थांब, जीभ परत येईल, शेत चार महिने पडीक ठेवलं की सुधरतेच. तिला ते खरं वाटलं. खरं वाटावं असं फार वाटत होतं. मंगळवारी सकाळी बबिता मागं लागली म्हणून ती निघाली खरी, पण मनात ठरवून, की थांब्यावर जायचं, जीप सोडून द्यायची आणि गाडी भरलेली होती असं सांगायचं.

थांब्यावर पोचून ती जीपची वाट बघत उभी राहिली. जीप आली. ड्रायव्हरनं विचारलं, याडी, आज लौकर कशी? नेहमी तर मला हॉर्न मारत थांबावं लागतं. तेव्हा जमनीनं मागं वळून चढाकडे पाहिलं. तीन दगड खाली पडले होते, उन्हात. ती एकावरही बसली नव्हती. कधी मागं पडले तेही तिला कळलं नव्हतं. छातीवर हात ठेवला, छाती आपली गुमान चाललेली. बाई जीपमध्ये चढली. तिसरी झाली, चौथी झाली, पाचवी झाली.

जीभ काही परत आली नाही.

पुनवेला लिंबाखाली माणूस मावेना. नायकानं बाज झाडली. जमनी बसली. समोर हिरासिंगाचा डबा, धावजीचा डबा आणि नायकाचा तिसरा. तिनं डोळे मिटले. पहिली चिमूट : माती. दुसरी : माती. तिसरी : माती, आणि बोटांना काहीतरी करकरीत.

तिच्या मनात आलं, कोणाचंही नाव घे. कोणाला कळणार? सतरा वेळा विश्वास ठेवला, अठराव्यांदाही ठेवतील. बाज राहील. हिरासिंग असा खाली बसलेला, धावजी तसा. एकाची दोन तास तूर उगाच जाईल, बस एवढंच. तिनं तोंड उघडलंही. पण तोंडातली माती गिळवेचना. बावीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं : जमनी बाजेवरून वाकली आणि थुंकली.

लिंबाखाली माणसं मागं सरकली. एक म्हातारा पंच तर उठून उभाच राहिला.

जमनीनं पदरानं ओठ पुसले. "मले काही कळून नाही राह्यलं," ती म्हणाली. "जीभ गेली मायी. चाला, शेतात जाऊन पाहू."

शेतात! असं कधी कोणी बोललं नव्हतं. वरचं बरड म्हणजे जीपच्या थांब्यावरून पुढं, दीड कोस चढ. पंचांचे गुडघे धरलेले, नायकाला दमा म्हणता येईल असं काहीतरी. निवाडा बसून करायची गोष्ट, ती का चालायची असते? पण ती निघाली होती. बाया भिंतीपासून उठल्या आणि तिच्या मागं निघाल्या. मग पुरुषांना निघावंच लागलं, बायकोच्या मागं राहिलो असं कोण म्हणवून घेणार? चढावर एक पंच पहिल्या दगडावर बसला, दुसरा पंच दुसऱ्यावर. डोंगरसिंग नायक तिसऱ्यावर बसला, तिथून बबितानं आणि निवाडा बघायला आलेल्या विमलताईनं त्याला दोन्हीकडून धरून वर आणला. पंच मागून टेकत टेकत आले. जमनी केव्हाच वर जाऊन उभी होती.

धुरा समोरच होता. तूर, मधे गवत, पलीकडे तूर. तिनं पायानं गवत बाजूला केलं. खाली हातभर उंचीचा पांढरा गोटा, हद्दीचा, चुन्यानं खूण केलेला. दोन्ही तास सरळ सरळ धावजीच्या बाजूला. आंधळ्यालाही पायाला ठेचकाळून समजलं असतं.

तिनं हिरासिंगाला विचारलं, हा गोटा कधीपासून आहे? तो जमिनीकडे बघत म्हणाला, आज्यापासून. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, कोणी विचारलंच नाही, तुझ्या जिभेवर सोडलं होतं. धावजीही म्हणाला, मलाही माहीत होता, पण गोट्याचा निवाडा आणि जिभेचा निवाडा, मान जिभेला आहे ना.

जमनीला बोटांना लागलेलं ते करकरीत आठवलं. तिनं विचारलं, आणि डब्यातली माती कुठची आणली? आता दोघंही नायकाकडे बघायला लागले. नायक धापा टाकत धुऱ्यावर बसला होता. त्याच्याकडे नाही म्हणायला श्वास नव्हता.

सगळे डबे घरामागचे! बावीस वर्षांत दीड कोस चढून माती आणायला कोणीच गेलं नव्हतं. एकानं केलं, मग दुसऱ्यानं केलं, प्रत्येकाला वाटलं आपणच एकटे लबाड. सतरा निवाडे, एकावन्न डबे, आणि सगळे उकिरड्याशेजारचे, जिथं चुलीची राख टाकतात.

"मी तं सांगतच होती," जमनी हळू म्हणाली. "राख लागते म्हणून."

वारा सुटला होता, वाळल्या तुरीच्या शेंगा खुळखुळत होत्या. जीभ खरी होती बाईची, शेवटपर्यंत खरी. नायकानंच कलियुग मधे आणलं.

तिनं नायकाकडे पाहून विचारलं, "मंग मले बाजेवर कायले बशवत होते?"

डोंगरसिंगानं आधी श्वास गोळा केला. त्याचेही ओठ पांढरे दिसत होते. "दोघांची माती तू एका तोंडात घ्यायची," तो म्हणाला. "अन् गिळायची. तू गिळली का भांडणाऱ्यांच्या माना खाली जात. आमच्यापैकी कोणाची छाती होती, जमनी?"

मग जमनी त्या हद्दीच्या गोट्यावर बसली आणि म्हणाली की भाकर असेल तर द्या, मला भूक लागली आहे. धावजीच्या बायकोनं ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. जमनीनं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. खाता खाता तिनं निवाडा सांगितला, तास धावजीचे. आणि दुसराही सांगितला, की मागचे सतरा धुरे आता पायी जाऊन पाहायचे, एकेक करून, आणि त्याआधी नायकानं आणि दोन्ही पंचांनी विमलताईला पापणी दाखवायची. म्हातारे कण्हले. पण हा निवाडाही कोणी मोडला नाही.

तेव्हापासून मोहतांड्याची नसाब शेतात बसते. मात्र बाजेशिवाय निवाडा होत नाही, हे म्हाताऱ्यांनी सोडलं नाही, म्हणून बाजही जाते. चार जण चार खुरांना खांदा देऊन ती टेकडीवर नेतात, मागं पुरुष, त्यांच्या मागं बाया. परवा आर्णीकडून आलेला एक अनोळखी मोटारसायकलवाला हे बघून रस्त्याच्या कडेला थांबला. त्यानं चप्पल काढली, हात जोडले आणि सगळ्यांत पुढं चालणाऱ्या बाईला हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून.

"कोणी नाही, भाऊ," जमनी म्हणाली. "जिले जायचं होतं ते पुढं चालून राह्यली."

आणि ती चढ चढत गेली.